वाचकांचे प्रश्न : अडीनडीला खिशातला लायटर

पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी लायटरविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. वीज गेली, वाटेत रात्र झाली, भिजून अंगात हुडहुडी भरली, अशा वेळी ज्योत मिळालीच पाहिजे, एवढाच विचार उत्तरांमागे आहे.

प्रश्न : आम्ही पावसाळ्यात सह्याद्रीत फिरतो. सॅकमध्ये कायम ठेवायला कोणता लायटर घ्यावा? दुकानदार साधा प्लास्टिकचा, महागडा जेट आणि पेट्रोलवर चालणारा स्टीलचा असे तिन्ही दाखवतो. (पुणे)

साधा घ्या. अंगठ्याने चाक फिरवून ठिणगी पाडणारा, आतला गॅस बाहेरून दिसेल अशा आरपार प्लास्टिकचा आणि पुन्हा गॅस भरता न येणारा.

चाकाखाली एक छोटा खडा असतो, त्याला स्प्रिंग वर दाबून धरते. चाकाचे दाते खडा खरवडतात आणि त्या कणांची ठिणगी होते. ही सगळी रचना डोळ्यांना दिसते, म्हणून बिघाड कुठे आहे तेही कळते. गॅस संपला तरी ठिणगी उरते आणि ती कापसावर पाडता येते. बटन दाबून ‘टक्’ करणाऱ्या लायटरमध्ये विजेची ठिणगी एका बारीक फटीतून उडते. तिथे ओल बसली की वीज पाण्यावरून दुसरीकडे वळते, आणि ती यंत्रणा एकदा बिघडली की वाटेत काहीच करता येत नाही.

जेट, म्हणजे जोरदार निळी ज्योत फेकणाऱ्या लायटरचा एकच मोठा गुण, वाऱ्यात विझत नाही. पण त्याच्या ज्योतीसाठी गॅस आणि हवा आतच मिसळावी लागते. ते छिद्र अगदी बारीक असते, खिशातल्या धुळीने आणि लोकरीने तुंबते. गॅसही भराभर संपतो. पेट्रोलच्या लायटरमधले इंधन तर न पेटवताही उडून जाते. एक-दोन आठवडे तसाच ठेवला की कोरडा. रोज वापरणाऱ्याला आणि रोज भरणाऱ्याला तो ठीक आहे, सॅकच्या कप्प्यात सहा महिने पडून राहायला नाही. झाकणाला रबरी रिंग असलेले डबीसारखे पेट्रोल लायटर मिळतात, ते बरेच जास्त टिकतात.

गॅस भरता न येणारा का, याचे कारण सोपे आहे. भरायची झडप म्हणजे गळायची एक जागा वाढली. शिवाय झडपेला कचरा लागला तर नुकताच भरलेला लायटरही दोन दिवसांत रिकामा होतो.

अगदी स्वस्त माल घेऊ नका. वीस रुपयांपेक्षा कमी आयात किमतीच्या सिगारेट लायटरांच्या आयातीवर केंद्राने जून २०२३ मध्ये बंदी घातली, तरी जुना आणि चोरवाटेचा माल टपऱ्यांवर दिसतो. वेष्टनावर ‘आयएसओ ९९९४’ लिहिलेले पाहा. या मानकात लायटर दीड मीटरवरून टाकून पाहतात आणि ६५ अंश तापमानात चार तास ठेवतात. त्यानंतर तो फुटता कामा नये. दुकानातच चार-पाचदा पेटवा. ज्योत दोन-तीन सेंटीमीटरची, न फडफडणारी हवी आणि बोट उचलताच विझली पाहिजे. विझायला रेंगाळली तर तो परत करा. मग न पेटवलेला लायटर कानाजवळ धरा. बारीक ‘स्स्’ ऐकू आला तर तोही नको.

आणि दोन घ्या. एक सॅकमध्ये, दुसरा पँटच्या चेनच्या खिशात. ओढा ओलांडताना सॅक गेली तरी अंगावरचा उरतो.

प्रश्न : नवा लायटर सॅकमध्ये ठेवला होता. दोन महिन्यांनी काढला तर पूर्ण रिकामा. एकदाही पेटवला नव्हता. गॅस गेला कुठे? (नाशिक)

बहुतेक वेळा गॅसची कळ दाबली गेलेली असते. अंगठ्याखालची ती कळ दाबली की झडप उघडते. ठिणगी पडो न पडो, गॅस वाहतोच. सॅक गच्च भरताना एखादी डबी किंवा बुटाची टाच कळीवर बसली तर तासाभरात खेळ संपतो.

उपाय पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचे एक सेंटीमीटर रुंदीचे चार-पाच गोल काप करून घ्या. कळीखाली, ती आणि लायटरचे अंग यांच्यामध्ये, जाड पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची पाचर सरकवा, म्हणजे कळ खाली जाणारच नाही. पाचर निसटू नये म्हणून वरून ट्यूबचा एक काप चढवा. उरलेले काप लायटरच्या अंगावर गुंडाळून ठेवा. ओल्या हातातून लायटर निसटत नाही, आणि ट्यूबचा काप पावसातही धडधडून जळतो. धूर मात्र काळा आणि घाण असतो, म्हणून आडोशाच्या आत तो जाळू नका. काही जण केबल बांधायची प्लास्टिकची पट्टी कळीखाली आवळतात. तीही चालते, पण गारठलेल्या बोटांनी निघत नाही. सोडायला चाकू लागेल अशी बांधू नका.

गॅस किती उरला हे नुसते पाहून नीट कळत नाही. स्वयंपाकघरातल्या एका ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर नवा लायटर तोला आणि आकडा कायम शाईच्या पेनने त्याच्यावरच लिहा. मोठ्या आकाराच्या लायटरमध्ये गॅस असतो जेमतेम चार-पाच ग्रॅम. मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर पुन्हा तोला. न वापरता एक ग्रॅम जरी कमी भरला तरी तो घरच्या देवघराला द्या आणि सॅकमध्ये नवा ठेवा.

प्रश्न : लायटर पाण्यात पडला तर कायमचा गेला का? आमच्याकडे तर पुराचे पाणी घरातच येते. आणि समुद्राजवळ ठेवलेल्या लायटरचे चाक काही महिन्यांनी नुसते फिरते, ठिणगी पडत नाही. (चिपळूण)

नुसत्या पाण्याने लायटर जात नाही. गॅस दाबाखाली असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. ओले होतात ते चाक आणि खडा. आधी जोरात झटका, तोंडाच्या बाजूने तीन-चार जोरदार फुंकरा मारा. मग चाक कोरड्या कापडावर एकाच दिशेने घासत फिरवा. अंगावरचे सगळेच भिजले असेल तर काखेजवळचा किंवा टोपीच्या आतला भाग त्यातल्या त्यात कोरडा असतो. दोन ते पाच मिनिटांत ठिणगी परत येते. या वेळात कळ दाबू नका, फुकट गॅस जातो. घाईने अंगठ्याने खसाखसा चाक फिरवले तर खड्याचा ओला लगदा दात्यांत भरतो आणि काम लांबते.

पुराच्या पाण्याची गोष्ट वेगळी. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडने पाहिला तसा गाळ चाकात आणि गॅसच्या तोंडात बसतो. आधी स्वच्छ पाण्यात हलवून गाळ काढा, नंतर सुकवा. तोंड तुंबलेले असेल आणि ज्योत वाकडी येत असेल तर तो लायटर सोडून द्या, टाचणीने कोरू नका.

समुद्राजवळ होते ते खड्यामुळे. तो सिरियम आणि लोखंड असलेल्या मिश्रधातूचा असतो. खाऱ्या दमट हवेत त्याचा हळूहळू भुगा होतो आणि स्प्रिंगला दाबायला काही उरतच नाही. लायटर झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. महिन्यातून एकदा चाक दोनदा फिरवा. पूरग्रस्त भागात हे पाकीट माळ्यावर हवे, खालच्या कपाटात नव्हे.

प्रश्न : घरात शेगडीचा लायटर असताना वेगळा कशाला? (श्रीवर्धन)

शेगडीच्या लायटरला ज्योतच नसते, फक्त ठिणगी असते. तिने गॅस पेटतो. मेणबत्ती, निरांजन, कंदील किंवा चूल पेटत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावे अनेक आठवडे अंधारात होती. सिलिंडर संपला की तो लायटर तिथे काहीच कामाचा नाही. काडेपेटी जरूर ठेवा, पण दमट हवेत पेटीच्या कडेचा घासायचा पट्टा मऊ पडतो आणि काड्यांचे गूल गळते. बरणीत ठेवलेली काडेपेटी दुसरा आधार म्हणून चांगली.

आता सर्वात महत्त्वाचे. वादळ, पूर किंवा भूकंपानंतर अंधारात लायटर पेटवून घरात शिरू नका. सिलिंडर उलटलेला असू शकतो, रबरी नळी निसटलेली असू शकते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाच्या नाकाला वास उशिरा येतो. आधी बॅटरी घ्या, तीही दाराबाहेरच चालू करून. वाकून वास घ्या. वास आला तर विजेचे कोणतेही बटन चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि लांब जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करा. ज्योत म्हणजे उजेडाचे साधन नव्हे. उजेडासाठी बॅटरी, लायटर फक्त पेटवण्यासाठी.

प्रश्न : धो-धो पावसात लायटर पेटतो, पण लाकूड काही पेट घेत नाही. (सातारा)

लायटरने थेट लाकूड पेटवायला जाऊच नका. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ ज्योत धरली की वरचे पत्र्याचे टोपण तापते, अंगठा भाजतो आणि आतले प्लास्टिक मऊ पडते. लायटरने पेटवायची ती फुलवात. बाकीचे काम फुलवातीचे.

देवाच्या फुलवाती तुपात भिजवतात, इथे तूप नको. ते उन्हात वितळते आणि मुंग्या येतात. वाटीत दोन चमचे पेट्रोलियम जेली घ्या, वाटी गरम पाण्यात ठेवा, जेली पातळ झाली की कापसाचे सुपारीएवढे दहा गोळे त्यात बुडवून पिळून काढा. गार झाले की झाकणाच्या छोट्या डबीत भरा. असा एक गोळा चार-पाच मिनिटे जळतो. कापूस खरा हवा. चिमूटभर जाळून पाहा, वितळून गोळा झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे. गोळा पेटत नाही अशी तक्रार येते ती दोन कारणांनी: जेली न पिळल्यामुळे, किंवा गोळा तसाच घट्ट ठेवून पेटवल्यामुळे. पेटवण्याआधी तो बोटांनी उसवा, तंतू मोकळे वर आले पाहिजेत. गॅस संपलेला असेल तर याच तंतूंवर चाक अगदी सावकाश फिरवून खड्याची पूड पाडा आणि मग एकदम झटक्याने ठिणगी द्या.

कापूरही उत्तम, ओल्या हातानेही पेट घेतो. पण तो उघडा राहिला तर उडून जातो. काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट डबीत ठेवा.

फुलवातीवर आधी काडीपेटीच्या काडीएवढ्या जाडीच्या काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. ओल्या फांदीची साल तासली की आतले लाकूड बरेचदा कोरडे निघते. खाली पडलेल्यापेक्षा झाडावर अडकलेली वाळकी काटकी कधीही चांगली.

हे सगळे खऱ्या अडचणीसाठी. राखीव वनात परवानगीच्या काळाखेरीज विस्तव पेटवणे किंवा नेणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे, आणि हरिश्चंद्रगडासारखी ठिकाणे अभयारण्यात असल्याने तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागतो. फेब्रुवारी ते मे या काळात वाळल्या गवतात एका ठिणगीने डोंगर पेटतो. हौसेची शेकोटी करू नका. कोणी भिजून थरथरत असेल तर आधी ओले कपडे उतरवून कोरडे घाला आणि वाऱ्याआड न्या, आग त्यानंतर. तंबूत कधीच पेटवू नका. गुहेतही तोंडाशीच, नाहीतर विषारी वायू साचतो.

प्रश्न : हिमालयात ट्रेकला जातोय. इथून नेलेला लायटर तिथे चालेल? (ठाणे)

आधी तो विमानाने जाणारच नाही. भारतातल्या विमानतळांवर लायटर आणि काडेपेटी हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. देहरादून, मनाली, लेह, जिथे उतराल तिथल्या बाजारात घ्या आणि परतताना तिथेच कोणाला देऊन या.

थंडीत बिघडतो तो गॅस. साधा ब्यूटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्यूटेन उणे पावणेबारा अंशांच्या आसपास. त्याखाली द्रवाची वाफ पुरेशी होत नाही. ठिणगी पडते, ज्योत येत नाही. लायटर रात्री स्लीपिंग बॅगेत आणि दिवसा आतल्या थराच्या खिशात ठेवा, पेटवण्याआधी मिनिट-दोन मिनिटे मुठीत धरा. जेट आणि बटनाचे लायटर उंचीवर विरळ हवेत हमखास दगा देतात. चाकाचा घ्या आणि सोबत एक फेरो रॉड, म्हणजे खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, ठेवा, त्याला थंडी आणि पाणी दोन्हींचा फरक पडत नाही.

प्रश्न : गाडीच्या डॅशबोर्डवर लायटर ठेवला तर चालतो का? (नागपूर)

नाही. बंद गाडीत, वैशाखाच्या उन्हात डॅशबोर्ड साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो. ब्यूटेनचा दाब वीस अंशांना साधारण दोन बार असतो, साठ अंशांना सहाच्या वर जातो. प्लास्टिकला चीर असेल तर तो तिथेच फुटतो. गाडीच्या आपत्कालीन पेटीत फेरो रॉड आणि फुलवाती ठेवा, लायटर खिशात.

प्रश्न : चाकावरची धातूची पट्टी काढली की लायटर सोपा पेटतो असे व्हिडिओत दाखवतात. काढावी का? (औंध)

घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही. ती पट्टी मुलांच्या बोटांना चाक फिरू नये म्हणूनच असते. अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००७ पासून अशी सोय सक्तीची आहे. बोटे गारठली असतील तर अंगठ्याच्या टोकाऐवजी बाजूचा मांसल भाग चाकावर दाबून ओढा, पट्टी असूनही ठिणगी पडते. पावसाळ्याआधी हे घरी, हात बर्फाच्या पाण्यात बुडवून, दोन-चारदा करून पाहा.