त्यांना सत्कार नको आहे, मग आभार मानायचे कसे?

बेघरांसाठीचे निवारागृह चालवणाऱ्या एक बाई काही काळापूर्वी माझ्याकडे आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). निवारागृहाला सुरुवातीपासून साथ देणारे एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांना तिथे सगळेच काका म्हणत, प्रकृतीमुळे आता येणे कमी करणार होते. विश्वस्तांच्या मनात त्यांचा जाहीर सत्कार करायचे होते, काकांनी मात्र "मी असे काय मोठे केले?" म्हणून तो विषयच बंद केला होता. "सत्कार केला तर ते अवघडतील आणि नाही केला तर आम्ही कृतघ्न ठरू," असे बाईंचे म्हणणे होते. सेवाभावी संस्थांतली माणसे हाच पेच माझ्यासमोर वारंवार मांडतात.

काकांनी नेमके काय केले ते सांगा, असे मी त्यांना सुचवले. सुरुवातीला "किती आणि काय सांगू" याच्यापुढे त्या जाईनात. मग एकेक गोष्ट आठवू लागली. रात्री उशिरा आलेल्या माणसाची नोंद करताना काका नाव विचारण्याआधी त्याला बसायला खुर्ची देत आणि त्याचे गाठोडे कुठे ठेवायचे हे त्यालाच ठरवू देत. रस्त्यावर राहणाऱ्याला आपले सामान चोरीला जाण्याची किंवा कुणी उचलून फेकून देण्याची सतत धास्ती असते, त्यामुळे एवढ्या एका मोकळिकीने तो पुष्कळसा सैलावे. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही आणि ओळखपत्र नाही म्हणून काम नाही, अशा चक्रात अडकलेल्यांचे अर्ज काका शांतपणे भरून देत. यातले एक अक्षरही बाईंनी त्यांना कधी बोलून दाखवले नव्हते.

हेच सारे पत्रात लिहा, असे मी म्हटले, तेव्हा आपल्याला चांगले लिहिता येत नाही, अशी अडचण त्यांनी पुढे केली. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कृतज्ञतेची पत्रे लिहिणाऱ्यांचा असाच चुकीचा अंदाज दिसून आला होता: पत्र वाचणारा किती अवघडेल याचा अंदाज त्यांनी वाढवून केला आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी. लिहिणारा शब्द नीट जुळतात की नाही याची चिंता करत बसतो, वाचणाऱ्यापर्यंत मात्र त्यातला जिव्हाळा आधी पोहोचतो.

एका गोष्टीबाबत मी आग्रही होते. निवाऱ्यातल्या रहिवाशांना रांगेत उभे करून त्यांच्याकडून आभार वदवून घेऊ नयेत आणि त्यांची छायाचित्रेही काढू नयेत. ज्या माणसाने त्यांची प्रतिष्ठा इतक्या हळुवारपणे जपली, त्याच्या गौरवासाठी ती पणाला लावणे मला अजिबात मान्य नाही. कुणाला आपणहून दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर गोष्ट वेगळी.

काकांच्या नकारामागे केवळ संकोच असेल, असे मला वाटत नव्हते. जाहीर सत्कार पुष्कळदा निरोपासारखा वाटतो, आणि ज्याला काम सुटण्याचे दुःख आहे त्याला तो सोसत नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांच्या मांडणीनुसार, आपले जगणे अर्थपूर्ण झाले का, याचा मेळ घालणे हे उतारवयातले महत्त्वाचे मानसिक काम असते. म्हणून पत्रात आभारांबरोबर एक विनंतीही असावी, मात्र ती त्यांना झेपेल अशी आणि नाकारायची पूर्ण मोकळीक देणारी, असे आम्ही ठरवले.

पत्र बाईंनी स्वतः घरी जाऊन दिले. नव्या कार्यकर्त्यांना नोंदणीचे काम शिकवण्याची विनंती काकांनी मान्य केली आणि आपल्याला जमेल त्या दिवशी, बसूनच शिकवीन, असे सांगितले. सत्काराचा कार्यक्रम विश्वस्तांनी रद्द केला.