काकाकुवा पाळणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : आमचा अम्ब्रेला काकाकुवा सहा वर्षांचा आहे. दोन महिन्यांपासून छातीची पिसं उपटतोय, आता मांड्यांकडे वळलाय. दुकानदाराने खोबरेलात हळद घालून लावायला सांगितलं. लावतोय, पण फरक नाही.
– दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तेल आजच बंद करा. तेलाने पिसं एकमेकांना चिकटतात, अंगाची ऊब टिकत नाही, आणि ती साफ करायला पक्षी आणखी चोच चालवतो.

आता त्याचं डोकं नीट बघा. तिथे त्याची स्वतःची चोच पोचत नाही. तुरा आणि गाल भरलेले असतील तर उपटणारा तोच. डोक्यावरचीही पिसं गेली असतील, किंवा नवी पिसं वाकडी, मुळाशी चिमटल्यासारखी येत असतील, तर पीबीएफडी या विषाणूजन्य रोगाची शंका घ्यायला हवी. एक खूण घरीच तपासता येते. निरोगी काकाकुव्याच्या अंगातून बारीक पांढरी भुकटी सतत झडते आणि काळ्या चोचीवर तिचा राखाडी थर बसतो. चोचीवरून बोट फिरवा. बोटाला पांढरं लागलं पाहिजे. चोच काळीकुळकुळीत चकाकत असेल तर रक्ताची पीसीआर तपासणी करून घ्या आणि घरात दुसरे पोपट असतील तर ते वेगळ्या खोलीत हलवा. या रोगावर औषध नाही. म्हणूनच नवा पक्षी आणल्यावर किमान ३० दिवस वेगळा ठेवायचा असतो.

पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला यकृत, त्वचेचा संसर्ग आणि जस्ताची विषबाधा या तिन्हींबद्दल विचारा. जस्ताचं कारण बहुतेक वेळा पिंजऱ्यात असतं. वेल्डिंगवाल्याकडून गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीचा पिंजरा करून घेतला की स्वस्त पडतो, पण काकाकुवा तारेवरचा मुलामा दिवसभर चघळतो. स्टेनलेस स्टील किंवा चांगलं पावडर कोटिंग घ्या. दोन गजांमधलं अंतर एक ते दीड इंच हवं, आणि पक्ष्याला दोन्ही पंख पूर्ण पसरता येतील एवढी रुंदी तरी हवीच.

तपासण्या स्वच्छ आल्या तरच कंटाळा, एकटेपणा हे विषय काढा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत हा क्रम उलटा असतो. कंटाळ्यावर उपाय म्हणजे काम. सकाळचं निम्मं खाणं वाटीत न देता कागदात गुंडाळून, मक्याच्या कणसाच्या सालीत बांधून किंवा रिकाम्या करवंटीत दडवून द्या. पेरूच्या दीड-दोन इंच जाडीच्या फांद्या सालीसकट बसवा. त्या सोलून-कुरतडून तो संपवेल, तेच हवं आहे. फांदीवर फवारणी झालेली नसावी. साध्या कोमट पाण्याचा फवारा आठवड्यातून तीन-चारदा, एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात रोज, आणि तोही सकाळीच. रात्री ओलं अंग घेऊन झोपू देऊ नका.

नवं पीस उगवताना त्याच्या नळीत रक्त असतं. ते तुटून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरा. तरीही थांबलं नाही तर लगेच दवाखाना गाठा. फार दिवस उपटत राहिला तर पिसांची मुळंच मरतात आणि तो भाग कायमचा उघडा राहतो. तेव्हा हे काम दिवाळीनंतर बघू म्हणून ठेवू नका.

प्रश्न : सूर्यफुलाच्या दाण्यांशिवाय काही खात नाही. हो, आमच्या ताटातले गाठिये आणि बशीतला चहा मात्र आवडीने घेतो. काय करावं?
– रावपुरा, बडोदे

उत्तर : आधी चहा आणि गाठिये बंद. चहात कॅफीन, गाठियांत मीठ, तेल, सोडा. पाचशे-सहाशे ग्रॅमच्या जिवाला यातलं काहीच सोसत नाही. चॉकलेट आणि अव्होकाडो तर जीवघेणे.

सूर्यफुलात चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी. नुसत्या त्यावर ठेवलेल्या पक्ष्याचं यकृत चरबीने भरतं. बाहेरून तो गुटगुटीत दिसतो, म्हणून घरच्यांना कळत नाही. साधारण ६० ते ७० टक्के पेलेट्स (पोपटांसाठी तयार मिळणारं गोळ्यांचं खाद्य), उरलेल्यात गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, मेथी, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग; फळं थोडी. सूर्यफूल हे बक्षीस म्हणून हातातून, दिवसाला पाच-सहा दाणे.

बदल चार ते सहा आठवड्यांत करा. सकाळी भूक असते तेव्हा भाजी आणि पेलेट्स, संध्याकाळी मोजके दाणे. रोज सकाळी विष्ठा टाकून झाल्यावर, खाण्याआधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा. दहा टक्के उतरलं तर बदल थांबवून डॉक्टरांना दाखवा. 'भूक लागली की झक मारत खाईल' हे पक्ष्याच्या बाबतीत खरं नाही. नवं अन्न त्याला अन्न वाटतच नाही आणि तो भरल्या वाटीशेजारी उपाशी राहतो. पावसाळ्यात शेंगदाणे देऊच नका. दमट हवेत त्यांना लागलेली बुरशी डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रश्न : रोज संध्याकाळी असा किंचाळतो की शेजारी भांडायला येतात. पिंजऱ्यावर चादर टाकली तरी थांबत नाही.
– मांजलपूर, बडोदे

उत्तर : उजाडताना आणि मावळताना दहा-पंधरा मिनिटं ओरडणं हा काकाकुव्याचा स्वभाव आहे, तो जाणार नाही. शेजाऱ्यांना तेवढं सांगून ठेवा. त्यापुढचं ओरडणं बहुधा आपण शिकवलेलं असतं: तो ओरडतो, कुणीतरी धावत जाऊन 'गप्प बस' म्हणतं, आणि त्याला हवी ती सोबत मिळते. चादर, रागावणं, डोळे वटारणं सगळं सोडा. तो शिट्टी मारेल किंवा हळू बोलेल तेव्हा लगेच उत्तर द्या; किंचाळताना खोलीत पाऊल टाकू नका. पहिले काही दिवस आवाज वाढेल. त्याच दिवसांत घरातलं एखादं माणूस विरघळतं आणि मग पक्षी आणखी मोठ्याने ओरडायला शिकतो, म्हणून आजी-आजोबांसकट सगळ्यांना आधी विश्वासात घ्या.

त्याला रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. नवरात्रात गरब्याच्या मैदानाजवळ घर असेल तर ते नऊ दिवस पिंजरा आतल्या खोलीत हलवा.

प्रश्न : पाठीवरून हात फिरवला की पंख थरथरवतो, लाडाने आवाज करतो. हे चांगलंच ना?
– कारेलीबाग, बडोदे

उत्तर : नाही. पाठ, शेपटीचं मूळ आणि पंखांखालचा भाग हे पक्ष्याच्या दृष्टीने जोडीदाराने हात लावायचे भाग. त्यातून तो माजावर येतो, चावतो, आणि काकाकुव्यात पुढे विष्ठेच्या जागेचा आतला भाग बाहेर येण्यापर्यंत वेळ जाते. हात फक्त डोक्यावर आणि मानेवर. विष्ठेच्या जागी लालसर गोळा दिसला तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. वाटेत तो भाग सलाइनने ओला ठेवा.

प्रश्न : मुलीला कॉकटेल घेऊन दिलं. त्याची सरकारी नोंदणी लागते का?
– प्रतापनगर, बडोदे

उत्तर : कॉकटेल, म्हणजे कॉकॅटिएल, काकाकुव्याच्याच कुळातला सगळ्यात लहान पक्षी, पण 'साइटीस' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत तो नाही; नोंदणी नको. बाकीचे काकाकुवे त्यांत आहेत. वन्यजीव कायद्याची २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि २०२४च्या नियमांप्रमाणे असा पक्षी घरी आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंदवावा लागतो. विकत घेताना विक्रेत्याकडे त्याची नोंद मागा. टाळाटाळ केली तर पक्षी घेऊ नका. आपला देशी हिरवा राघू मात्र पाळताच येत नाही, नोंदणी करूनही नाही.