शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या विशेष शिक्षिकेला

पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिका 'ढ' म्हणून पोरं तुझ्याकडे पाठवतील. वाद घालत बसू नकोस, आधी मुलाची वही माग. 'घर'चं 'धर', 'भ'चा 'म', फळ्यावरून उतरवताना गाळलेल्या ओळी, आणि तोंडी विचारलं की धडाधड उत्तरं, असं दिसलं तर अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं) चाचणीचं सुचव. त्याआधी डोळे-कान तपासून घ्यायला सांग; हे हमखास राहून जातं. निदान मात्र तू करायचं नाहीस.

अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत येते. मुंबईत शीवच्या पालिका रुग्णालयात प्रमाणपत्राची सोय आहे, पण वेळ लागतो. दहावी उजाडेपर्यंत थांबू नकोस. बोर्डाच्या परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, सगळं त्या कागदावर अडतं.

पालकांना बोलावशील तेव्हा वडिलांनाही बोलाव, नाहीतर घरी सगळं खापर आईवर फुटतं. आणि पोरासमोर त्याला काय येत नाही याची यादी वाचू नकोस! (अनुभवी बायकासुद्धा वाचतात.) डबा न खाता परत नेणारं, अचानक गप्प झालेलं मूल दिसलं तर अभ्यास राहू दे, समुपदेशकांना गाठ. पालकांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक लिहून दे. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.