गुलाल उतरायच्या आधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. पतसंस्थेचा अध्यक्ष झालास, फोटो पाहिले. पॅनल बिनविरोध आलं म्हणून गावानं गुलाल उधळला, चांगलं झालं. त्या फोटोत तुझ्या आजूबाजूला उभे असलेल्यांपैकी एकदोघे लवकरच कर्जाची शिफारस घेऊन तुझ्याकडे येतील. टोमणा मारत नाही. सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, एवढं ओळखू येतं.

अध्यक्ष म्हणून काय शिकू, असं तू विचारलंस. तरलता, तरतूद, व्याजदर हे सगळं तुझा व्यवस्थापक तुला वर्षभरात शिकवील. तो जे शिकवू शकणार नाही, तेवढंच लिहितो.

बुडालेल्या संस्थांची दप्तरं मी पाहिली आहेत. तिथले अध्यक्ष अडाणी नव्हते, चांगले शिकलेले होते. सुरुवात बहुधा अशी व्हायची: अध्यक्षाच्या मेव्हण्याचं कर्ज थकायचं आणि मार्चअखेर ते नवं-जुनं व्हायचं. जुनं खातं बंद, थकलेल्या व्याजासकट त्याच माणसाच्या नावावर नवं कर्ज. कागदावर वसुली झाली, तिजोरीत दमडी आली नाही. नोंद करणाऱ्या क्लार्कला ते कळायचं, त्याच्याकडून शिपायाला, शिपायाकडून पिग्मी एजंटला, म्हणजे दारोदार फिरून रोजची ठेव गोळा करणाऱ्याला. पुढच्या वर्षी वसुलीला गेलेला माणूस ज्याच्या दारात उभा राहील तो म्हणायचा, “आधी मेव्हण्याकडे जाऊन ये.” यावर त्याच्याकडे उत्तर नसायचं. हळूहळू तो जायचंच टाळायचा. म्हणजे थकबाकी वाढायची ती अध्यक्षानं एकदा मान फिरवली म्हणून, आणि ताळेबंदात ते कारण कुठंच दिसायचं नाही.

सहकारी संस्थांच्या भिंतींवर धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता यांचे फोटो असतात. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा मी क्वचितच पाहिला. खरं तर सहकारी पतसंस्थांचा 1904 चा कायदा व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात आला तेव्हा गोखले तिथले सभासद होते आणि त्या विधेयकावर बोललेही होते. पण मला त्यांची आठवण झाली ती त्याआधीच्या एका प्रकरणामुळे. शाळेच्या पुस्तकातली त्यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट तुला ठाऊक असेल, ती सोड. हे प्रकरण पुस्तकात सहसा येत नाही, कारण त्यात नायक हरलेला दिसतो.

साल 1897. पुण्यात प्लेग, आणि घरं तपासायला गोऱ्या शिपायांच्या तुकड्या. गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते, वय अवघं 31. पुण्याहून त्यांच्या विश्वासातल्या माणसांची पत्रं गेली. शिपायांनी बायकांच्या अब्रूवर हात टाकल्याच्या हकिकती त्यांत होत्या. गोखल्यांनी त्या तिथल्या वर्तमानपत्राला सांगितल्या. पार्लमेंटात गदारोळ झाला, पुरावा द्या अशी मागणी आली. त्याआधीच 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, जुलैच्या शेवटी टिळकांना अटक झाली. पुण्यात संशयाचं वातावरण. गोखले परत आले तेव्हा पत्रं लिहिणारे पुढं यायला तयार नव्हते. त्या दिवसांत कोण येणार?

गोखल्यांनी नावं सांगितली असती तर ते स्वतः सुटले असते. त्यांनी ती सांगितली नाहीत. पुराव्याशिवाय बोललो हे कबूल केलं आणि जाहीर, बिनशर्त माफी मागितली. सरकारचीच नाही, शिपायांचीसुद्धा. मला विचारशील तर ती माफी गरजेपेक्षा जास्त वाकलेली होती, आजही टोचते. पुणेकरांची गाऱ्हाणी काही हवेतली नव्हती. स्वकीयांनी त्यांना भित्रा ठरवलं, आणि ते त्यांनी मुकाट्यानं सोसलं. 1899 मध्ये ते मुंबई कायदेमंडळात आणि 1902 मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तिथल्या त्यांच्या अंदाजपत्रकावरच्या भाषणांतला आकडा न् आकडा पारखून घेतलेला असे. 1915 मध्ये ते गेले तेव्हा ज्यांच्याशी जन्मभर वाद झाला त्या टिळकांनी स्मशानात त्यांना भारताचा हिरा म्हटलं.

यातलं तुझ्या कामाचं काय? तुझ्याकडेही अशी पत्रं येतील. सही नसलेली चिठ्ठी, रात्रीचा फोन, कॅश काउंटरवरच्या मुलीनं दबक्या आवाजात सांगितलेलं काहीतरी. आधी स्वतः खातेउतारा काढून बघ, मगच तोंड उघड. पण सांगणाऱ्याचं नाव तुझ्या तोंडून कधीच बाहेर पडता कामा नये. उपाध्यक्षानं विचारलं तरी नाही, आणि ती माहिती पुढं चुकीची ठरली तरीही नाही. एकदा नाव फुटलं की त्या इमारतीत तुला खरं सांगणारं कुणी उरणार नाही, आणि ज्याला खरं कळत नाही तो अध्यक्ष फक्त सह्या करतो.

नातेवाइकाचं कर्ज सभेपुढं आलं तर उठून बाहेर जा आणि बाहेर गेलो हे इतिवृत्तात लिहायला लाव. घरी चार दिवस अबोला होईल. सहकार कायद्याच्या कलम 88 खाली संस्थेचं नुकसान संचालकांकडून वैयक्तिक वसूल होऊ शकतं, हे बायकोला समजावून सांग. अबोला लवकर मिटतो असा अनुभव आहे.

आणि ठेवीदारांकडे नीट बघ. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. भाजीवाली रोज पिग्मीला शंभर रुपये देते ते तुमच्या शब्दावर. तिनं उपविधी वाचलेले नसतात.

वार्षिक सभेचा अहवाल छापायला टाकण्याआधी मला पाठव. तुझं मनोगत आणि फोटो नकोत. थकबाकीची यादी आणि मार्चमध्ये मंजूर झालेली कर्जं, एवढीच पानं पुरेत.

तुझा,
काका