पेन्सिल, खुर्च्या आणि सिंफनी

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की आमच्या हौशी सिंफनी ऑर्केस्ट्राला टाळ्या भरपूर मिळतात, पण कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलायला माणूस मिळत नाही. त्यावर बरीच पत्रं आली. मी ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) वाजवते आणि पार्टांचं कपाट सांभाळते. म्हणजे प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाद्याचे कागद वेळेवर आणि धड अवस्थेत आले पाहिजेत, ही जबाबदारी माझी. कंडक्टरना हेच प्रश्न विचारलेत तर ते वेगळी उत्तरं देतील. त्यांना खुर्च्या उचलाव्या लागत नाहीत.

प्रश्न : मी नुकताच निवृत्त झालो. सगळी नोकरी हिशेब खात्यात गेली. एकही वाद्य येत नाही, नोटेशन वाचता येत नाही, पण ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम सहसा चुकवत नाही. माझा काही उपयोग होईल, की ती उगाच लुडबूड ठरेल?

उत्तर : हिशेब खातं म्हणालात आणि मी सरसावून बसले. तुमच्यासारख्यांच्याच शोधात आम्ही असतो.

व्हायोलिनवाल्यांचे गज एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. ते आपोआप होत नाही. कुठला सूर गज खाली ओढून वाजवायचा आणि कुठला वर ढकलून, हे त्या विभागाचा प्रमुख ठरवतो आणि आपल्या पार्टवर लिहून ठेवतो. खाली ओढायची खूण म्हणजे खालून उघडी असलेली छोटी चौकट, वर ढकलायची म्हणजे इंग्रजी व्ही. मग त्या खुणा विभागातल्या प्रत्येक पार्टवर हातानं उतरवायच्या. तंतुवाद्यांत दोघांत एक स्टँड असतो (त्या जोडीला डेस्क म्हणतात), म्हणजे बारा व्हायोलिनांना सहा पार्ट, आणि एका सिंफनीत खुणा शेकड्यांनी. एक खूण चुकून शेजारच्या सुरावर पडली की तिथून पुढे त्या डेस्कचे गज सगळ्यांच्या उलटे. यात संगीत वाचावं लागत नाही. एका कागदावरची ओळ दुसऱ्या कागदाशी ताडून बघायची शिस्त लागते. ती तुम्हाला मी काय शिकवणार! फक्त मऊ पेन्सिल वापरायची. माझ्या कपाटाजवळ कुणी बॉलपेन काढलं तर मी वय बघत नाही.

कार्यक्रम झाला की उलटं काम सुरू होतं. चेक रचनाकार द्वोर्झाक १९०४ मध्ये गेले, त्यांच्या संगीतावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. ते पार्ट आमच्या मालकीचे, खुणा राहिल्या तरी चालतात. पण अनेक देशांत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क शाबूत असतो, त्यामुळे अलीकडच्या बऱ्याच रचनांचे पार्ट प्रकाशकाकडून भाड्यानं आणावे लागतात आणि स्वच्छ करून मुदतीत परत करावे लागतात. एक मोठं खोडरबर आणि एक दुपार एवढं भांडवल पुरतं. खोडताना करमणूकही होते. वादक कागदाच्या कडेला चष्म्याचं चित्र काढून ठेवतात. त्याचा अर्थ, इथे कागदातून डोकं वर काढ आणि कंडक्टरकडे बघ. एकाच जागी तीन वेगवेगळ्या हातांनी काढलेले तीन चष्मे दिसले की समजायचं, ही जागा दगा देणारी आहे.

शिवाय पानं जोडणं आहे. पान उलटायची जागा वाजवायच्या ऐन धुमश्चक्रीत येऊ नये, विश्रांतीच्या मात्रांत यावी, म्हणून कधी कधी पानं कापून चिकटपट्टीनं जोडावी लागतात. आणि खुर्च्या आहेतच. त्यांना हात नसावेत, नाहीतर गज धरलेलं कोपर अडतं. चेलो गुडघ्यांत धरून वाजवतात, त्याच्या वादकाला बैठक सपाट लागते, मागे घसरणारी नाही, आणि गुळगुळीत लाकडी मंचावर चेलोचा खालचा खिळा सरकू नये म्हणून पट्टी किंवा फळी लागते. डबल बासला उंच स्टूल. ही मांडणी एकदा कागदावर काढून घेतलीत तर तालमीआधी आमचा वाद्यं जुळवायचा वेळ वाचेल.

व्यवस्थापकांना भेटाल तेव्हा ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका. असं म्हणणाऱ्यांची यादी माझ्याकडे मोठी आहे आणि त्यातलं कुणी नेमकं कधी येईल हे मला सांगता येत नाही. ‘दर आठवड्याला या वाराचे दोन तास मी तुमचा’ म्हणा आणि या. सिंफनीचा दुसरा मूव्हमेंट, म्हणजे दुसरा भाग, जरा संथ झाला असं कंडक्टरना सुचवायचा मोह मात्र आवरा. ते काम करायला आमच्याकडे व्हायोलाचा अख्खा विभाग आहे.

प्रश्न : सभागृह तर भरलेलं दिसतं, तिकिटंही फुकट नाहीत. मग दर कार्यक्रमाला मंचावरून देणगीचं आवाहन कशासाठी?

उत्तर : कारण भरलेल्या सभागृहाच्या तिकिटांतूनही ऑर्केस्ट्राचा सगळा खर्च सहसा निघत नाही. मोठ्या, पगारी ऑर्केस्ट्रांचीही हीच कथा आहे. बेथोव्हनची पाचवी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिला तेव्हा अर्ध्या तासाच्या आसपास लागत असेल, आजही तेवढाच लागतो, आणि चार माणसं कमी करून ती वाजवता येत नाही. याच काळात कापड विणायला लागणारी मेहनत मात्र कितीतरी कमी झाली. बाकीच्या धंद्यांत माणशी उत्पादन वाढतं, त्याबरोबर पगार वाढतात. वादकाचं उत्पादन वाढू शकत नाही, पण पोट त्यालाही आहे. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी हे १९६६ मध्ये नीट मांडलं. म्हणजे खर्च आणि तिकीट यांतली दरी कुणाच्या उधळपट्टीमुळेच पडते असं नाही, ती या कामाच्या घडणीतच आहे.

ती दरी कुणीतरी भरत आलं आहे. लाइपझिगमध्ये १७४३ साली व्यापारी आणि प्रतिष्ठित नागरिकांनी एकत्र येऊन मैफली सुरू केल्या, त्यातून पुढे गेवांडहाउस ऑर्केस्ट्रा उभा राहिला. बोस्टनचा ऑर्केस्ट्रा १८८१ मध्ये हेन्री ली हिगिन्सन यांनी काढला आणि पुढे कितीतरी वर्षं त्याची तूट स्वतःच्या खिशातून भरली. उलट बाजूही बघा. फिलाडेल्फियाचा ऑर्केस्ट्रा जगातल्या नावाजलेल्यांपैकी एक, पण २०११ मध्ये त्यालाही दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तो त्यातून सावरला, हे वेगळं.

आमच्यासारख्या हौशी ऑर्केस्ट्रात वादकांना मानधन नसतंच, उलट ते वर्गणी भरतात. तरी सभागृहाचं भाडं, कंडक्टरचं मानधन, पार्टांचं भाडं, टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांची ने-आण आणि हार्प किंवा कॉन्ट्राबासून ही वाद्यं वाजवणारं आमच्यात कुणी नसलं तर बाहेरून बोलावलेला वादक, हा खर्च चुकत नाही. सभागृह बरंच आधी धरावं लागतं, म्हणजे पुढच्या मोसमात काय वाजवायचं हे हातात पैसे येण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून एकदाच मिळालेल्या घसघशीत रकमेपेक्षा दरवर्षी न चुकता येणारी छोटी रक्कम मला जास्त मोलाची वाटते. तिच्या भरवशावर तीन ट्रॉम्बोन लागणारी रचना निवडायचं धाडस होतं. आणि देणगी देताना हिशेब मागायला लाजू नका. हिशेब मिळत नसेल तर देऊही नका.

प्रश्न : मी दोन मूव्हमेंटच्या मध्ये टाळ्या वाजवल्या तर पुढच्या रांगेतले वळून बघतात. मी खरंच अडाणीपणा केला का?

उत्तर : अजिबात नाही. पॅरिसमध्ये १७७८ साली आपल्या सिंफनीच्या ऐन मध्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे मोझार्टनं वडिलांना खुशीनं कळवलं होतं. १८१३ मध्ये बेथोव्हनची सातवी पहिल्यांदा झाली, तेव्हा तिचा दुसरा मूव्हमेंट श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावला. गप्प बसायची रीत नंतरची. आता ती पडली आहे, तेव्हा कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबावं हे बरं. पण चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा मूव्हमेंट धडाक्यात संपताना ज्याचे हात शिवशिवत नाहीत, त्याचीच मला काळजी वाटते.

प्रश्न : माझी मुलगी गेल्या वर्षी ऑर्केस्ट्रात दाखल झाली. तिला सेकंड व्हायोलिनच्या अगदी शेवटच्या डेस्कवर बसवलं आहे. ती इतकी वर्षं शिकते आहे. कंडक्टरशी बोलावं का?

उत्तर : नका बोलू. तुमच्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

फर्स्ट आणि सेकंड ही पहिल्या-दुसऱ्या नंबराची उतरंड नाही, ते दोन वेगळे पार्ट आहेत. फर्स्टकडे बहुतेक वेळा गाणारी चाल असते. सेकंडकडे मधली भरण आणि ताल, आणि तो डळमळला की वरची चालही पांगळी होते. शेवटच्या डेस्कबद्दल तर लोकांचा फारच गैरसमज आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचाच्या पलीकडच्या टोकाला, चौदा-पंधरा मीटरवर कुणी वाजवत असेल तर त्याचा सूर मागच्या डेस्कपर्यंत पोचायला सेकंदाचा जवळजवळ पंचविसावा भाग जातो. ऐकून सूर धरायला गेलं की उशीर झालाच. म्हणून मागे बसणाऱ्याला कानांपेक्षा डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवावा लागतो. विभागप्रमुखाचा गज तारेला कधी टेकतो ते चार डोक्यांच्या फटीतून बघायचं आणि तेव्हाच वाजवायचं. एवढं जमलं की माणूस कुठल्याही डेस्कवर बसू शकतो. तिनं डेस्कवरच्या आतल्या, म्हणजे प्रेक्षकांपासून लांबच्या, बाजूला बसून पान उलटायचंही शिकावं. बाहेरचा वादक वाजवत राहतो आणि आतल्यानं अर्धी ओळ सोडून पान उलटायचं असतं, ते कुरकुर न करता.

तुम्हाला मदत करायचीच असेल तर तालमीला ती आधी पोचेल असं बघा. वेळेला पोचणं म्हणजे वेळेला सूर लावून तयार असणं, दारातून आत येणं नव्हे. वाद्यं जुळवायला ओबो या फुंकवाद्यानं ‘ए’ सूर दिला तेव्हा जी व्हायोलिनच्या पेटीची कडी उघडत असते, तिचं नाव विभागप्रमुख बरोबर लक्षात ठेवतात. पेटीत तारांचा जादा संच आणि दोन पेन्सिली ठेवा. दोन अशासाठी की एक शेजारचा घेतो आणि परत देत नाही.

प्रश्न : माझे यजमान चेलो वाजवतात. कार्यक्रम जवळ आला की ते घरी फक्त झोपायला येतात. मी संगीताच्या विरोधात नाही, पण घरही आहे. हे कुणापुढे मांडायचं?

उत्तर : ही तक्रार निदान अडीचशे वर्षं जुनी आहे आणि त्या वेळी ती थेट मालकापुढे मांडली गेली होती. १७७२ मध्ये हंगेरियन सरदार प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी यांचा मुक्काम एस्टरहाझाच्या उन्हाळी महालात लांबत चालला होता. वादकांची कुटुंबं दूर आयझेनश्टाटला. प्रिन्सचे संगीतप्रमुख हायडन यांनी एक सिंफनी रचली. तिच्या शेवटी एकेक वादक आपला भाग संपवतो, मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. अखेरीस उरतात दोन व्हायोलिनं. प्रिन्सना मतलब कळला आणि दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलला, असं सांगतात.

तुमच्याकडे प्रिन्स नाही, पण ऑर्केस्ट्राचं वेळापत्रक असतं. मोसम सुरू होतानाच ते मागून घ्या आणि घरी सगळ्यांना दिसेल असं लावा. पूर्ण ऑर्केस्ट्राच्या तालमी, फक्त चेलोंच्या वेगळ्या तालमी, रंगीत तालीम आणि कार्यक्रम, एवढं त्यात हवं. कार्यक्रमाच्या आधीचा आठवडा त्यांना देऊन टाका. त्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका, दुरुस्तीची कामं काढू नका. बाकीच्या आठवड्यांवर तुमचा हक्क, आणि तो त्यांच्याकडून कबूल करून घ्या. ऑर्केस्ट्राकडूनही एक गोष्ट घरच्यांनी हक्कानं मागावी: तालीम ज्या वेळेला संपायची ठरली असेल त्याच वेळेला संपली पाहिजे. कंडक्टरला नेहमी ‘शेवटची आठ मापं (तालाचे आठ तुकडे) फक्त एकदा’ हवी असतात आणि ती एकदा कधीच होत नाहीत. आमच्याकडे हा नियम वादकांनी नव्हे, त्यांच्या घरच्यांनी आणला.

तालीम संपल्यावर चेलोवाले दाराशी उभे राहून तासभर गप्पा मारतात. तो वेळ तालमीत धरायचा नसतो, हे यजमानांना माझ्या नावानं सांगितलंत तरी चालेल.