चाळीस हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग: शोरूम की गॅरेज?

प्रश्न: नमस्कार काका. आमची पेट्रोल हॅचबॅक चार वर्षांची झाली, ३८ हजार किलोमीटर रनिंग आहे. वॉरंटी संपली, वाढीव वॉरंटी घेतली नव्हती. मी इंदिरानगरहून रोज सातपूरला शाळेत जाते आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याला मुलाकडे जाणं होतं. शोरूमने तीन वर्षांचं, तीन सर्व्हिसिंगचं पॅकेज २६,५०० रुपयांना देऊ केलं आहे. पाथर्डी फाट्याजवळचं एक गॅरेज वर्षाला ५,४९९ रुपये सांगतं. ४० हजारांच्या सर्व्हिसिंगला एअर फिल्टर, चार स्पार्क प्लग आणि ब्रेक ऑइल यांचे २,६५० रुपये वेगळे लागतील, असं त्यांनी आधीच लिहून दिलं आहे. यजमान म्हणतात शोरूम सोडू नको. भाऊ म्हणतो शोरूमवाले लुटतात. दोन्ही पत्रकांचे फोटो पाठवत आहे. काय करू?
एक शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, तुम्ही पाठवलेले दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले, पण तिसरा कागद त्यात नाही. तो तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढा. तिच्यात मेंटेनन्सचा तक्ता असतो: एका बाजूला किलोमीटर आणि महिने, दुसऱ्या बाजूला ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, आणि प्रत्येक चौकोनात 'बदला' किंवा 'तपासा'. गाडी ज्यांनी बनवली त्यांनी स्वतः सांगितलेलं काम तेवढंच. त्या तक्त्यातली ४० हजारांची ओळ पेन्सिलीने अधोरेखित करा आणि मग दोन्ही पत्रकं तिच्याशी ताडून बघा. मी हे गेली कित्येक वर्षं लोकांना सांगतोय, आणि पुस्तिकेचं प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेल्या गाड्या अजून बघतोय. त्याचं मला फार वाईट वाटतं.

माझं सांगतो. सातपूरच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला, अकरा वर्षं एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काढली, आधी फिटर आणि नंतर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणून, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलून कामांची यादी लिहिणारा. पुढे चौदा वर्षं अंबडला माझं स्वतःचं गॅरेज होतं. तेव्हा शोरूमवाले लुटतात हे तुमच्या भावाचं म्हणणं मी सरसकट मान्य करणार नाही. तिथली मुलं शिकलेली असतात, एकाच कंपनीच्या गाड्या दिवसभर हाताळून हात बसलेला असतो. पण अ‍ॅडव्हायझरच्या खुर्चीत बसल्यावर मला महिन्याचं टार्गेट होतं, आणि ते ऑइल बदलण्याचं नव्हतं. फ्लशिंग (इंजिन आतून रसायनाने धुणं) किती विकलं, कोटिंग (गाडीच्या तळाला गंजरोधक थर) किती विकलं, एसीचं डिसइन्फेक्शन किती गाड्यांना केलं, हे सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचलं जायचं. आकडा कमी असला की मान खाली. ब्रेक ऑइल बदलायचं राहिलं म्हणून कोणी कधी मला विचारलं नाही.

आता तुमचं शोरूमचं पत्रक बघा. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, एसीचा फिल्टर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, मजुरी. इथपर्यंत उत्तम. त्यापुढे इंजिन फ्लशिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग आणि टेफ्लॉन (रंगावरचा चकाकीचा थर). ही चार कामं पुस्तिकेच्या तक्त्यात शोधा. बहुतेक गाड्यांच्या तक्त्यात ती नसतातच. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लशिंगची गरज पडत नाही. कोटिंगचं म्हणाल, तर तुमची गाडी रोज इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उभी राहत असती तर मी विचार केला असता. इंदिरानगर ते सातपूर रस्त्याला पावसाळ्यानंतर गाडीचा तळ पाण्याने नीट धुऊन घेणं पुरेसं आहे.

आणि ज्या पत्रकात टेफ्लॉन आहे, त्याच पत्रकात ब्रेक ऑइल नाही. खाली बारीक अक्षरांत 'अतिरिक्त, १,१०० रुपये' असं लिहिलंय. इथे मी थोडा थांबणार आहे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. बाटलीतून नुकतं काढलेलं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. गावात चालवताना फरक कळणार नाही. घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असतो, पॅड तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पेडल एकदम मऊ लागतं आणि पाय तळाशी जातो. माझ्या मेहुण्यांच्या बाबतीत हे घडलं. चैत्रातल्या यात्रेला सप्तशृंगी गडावर गेले होते, गाडीत बहीण आणि दोन्ही भाच्या. नांदुरीकडे घाट उतरताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर पेडल खाली गेलं. डोकं शाबूत होतं म्हणून गिअर दुसऱ्यावर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी घासत थांबवली. पाच वर्षांच्या त्या गाडीची प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी झालेली, वहीत सगळे शिक्के. पाच वर्षांत ब्रेक ऑइल एकदाही बदललेलं नव्हतं, कारण ते पॅकेजमध्ये नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ते काढलं तेव्हा चहासारखं काळपट होतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत आहे. तुम्ही पुण्याला जाता तेव्हा चंदनापुरीचा घाट आहे, विसरू नका.

तुमच्या गॅरेजवाल्याने न विचारता ब्रेक ऑइल यादीत लिहिलं. त्या एका ओळीवरून माझं मत त्याच्या बाजूने झुकलं.

पण त्याच्या कागदातही एक गोष्ट मला खटकली. 'इंजिन ऑइल, सेमी-सिंथेटिक' एवढंच लिहिलंय, ग्रेड (ऑइल किती पातळ-जाड त्याचा आकडा) नाही. तुम्ही पाठवलेल्या इंजिनच्या फोटोत ऑइलच्या झाकणावर ०डब्ल्यू-२० स्पष्ट दिसतंय. हे पातळ ऑइल आहे आणि त्या इंजिनातल्या फटी त्याच हिशोबाने ठेवलेल्या असतात. माझ्या गॅरेजमध्ये एक गाडी आली होती, तिच्यात आधीच्या ठिकाणी ड्रममधलं सुटं, जाड ऑइल भरलेलं. मालकाला वाटलं होतं तीनशे-चारशे रुपये वाचले. मी झाकण उघडलं तर आत काळा गाळ हलव्यासारखा बसलेला. ते इंजिन उघडून साफ करायला मला चार दिवस लागले. म्हणून त्याला सांगा, पुस्तिकेत लिहिलंय तेच ऑइल, सीलबंद डब्यातून, माझ्यासमोर. फरकाचे दर वेळी ८०० रुपये मागितले तर तेही द्या.

आता हिशोब. गॅरेजचे तीन वर्षांचे १६,४९७, त्यात २,६५० आणि ऑइलच्या फरकाचे २,४०० धरले तर २१,५४७ रुपये. शोरूमचे २६,५०० अधिक ब्रेक ऑइलचे १,१००, म्हणजे २७,६००. फरक ६,०५३ रुपयांचा. शिवाय शोरूमचे पैसे आज एकरकमी जाणार, गॅरेजचे वर्षाला. दोघांनाही विचारा, किमतीत जीएसटी धरलाय का. गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे, त्याआधी बहुतेक भागांवर २८ टक्के होता. पत्रक त्याआधी छापलेलं असेल तर नवा दर लावून मागा. ब्रेक पॅड, वायपर, बॅटरी, क्लच हे दोन्हीकडे पॅकेजबाहेरच आहेत, त्यामुळे तिथे कोणी स्वस्त नाही.

तेव्हा माझं स्पष्ट मत: गॅरेजला जा. पहिल्या वर्षाचेच पैसे द्या, तीन वर्षांचे आगाऊ देऊ नका. गाडी सोडताना मीटरचा फोटो काढा. जुन्या ऑइल फिल्टरवर, एअर फिल्टरवर आधीच मार्करने खूण करा, आणि काढलेले सगळे भाग पिशवीत घालून परत मागा. चांगला मेकॅनिक यावर रागावत नाही. माझ्याकडे एक आजी यायच्या, त्या जुने प्लगसुद्धा मोजून घ्यायच्या आणि मला त्यांचा आदरच वाटायचा. जॉबकार्डवर (गाडी सोडताना कामांची यादी लिहितात तो कागद) 'यादीबाहेरचं काम फोन केल्याशिवाय करू नये' एवढं लिहून सही करा. बिल पक्कं घ्या, त्यावर ऑइलची ग्रेड आणि सुट्या भागांचे नंबर असू द्या. ही बिलं एका फाइलला लावत गेलात तर उद्या गाडी विकताना शोरूमच्या शिक्क्यांइतकाच त्यांचा उपयोग होतो.

यजमानांनाही एक गोष्ट सांगा, त्यांचं सगळंच चुकलेलं नाही. एअरबॅगचा किंवा एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, किल्ली प्रोग्राम करायची वेळ आली, किंवा कंपनीने रिकॉल काढला (दोष सापडला म्हणून गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या), तर गाडी सरळ शोरूमला न्या. रिकॉलचं काम वॉरंटी संपल्यावरही फुकट होतं. तुमचा १७ अक्षरा-अंकांचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वर्षातून एकदा बघत जा. एअरबॅग, एबीएस, किल्ली आणि रिकॉलची ही कामं गॅरेजवाल्याने करू नयेत.

प्रश्न: काका, माझी गाडी फक्त चौदा महिन्यांची आहे. मायको सर्कलजवळच्या एका गॅरेजमध्ये मित्राचा ओळखीचा मेकॅनिक आहे, निम्म्या पैशांत करून देतो म्हणतो. कायद्याने कंपनी वॉरंटी रद्द करू शकत नाही असंही तो म्हणतो. खरं आहे का?
एक इंजिनिअर, नाशिकरोड

उत्तर: बाळा, तो अगदीच खोटं सांगत नाही. बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना न देणं, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी नाकारणं, यावर त्या आदेशात बोट ठेवलेलं आहे. पण कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, आणि तुझ्या वॉरंटीच्या वहीत आजही 'ठरलेल्या वेळी अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग' ही अट असेल. उद्या गिअरबॉक्स गेला तर तू मुंबई नाक्यावरच्या शोरूमच्या काउंटरवर २०१४चा आदेश वाचून दाखवत उभा राहणार का? वॉरंटी संपेपर्यंत अधिकृत ठिकाणीच जा. तुला पहिल्या सर्व्हिसिंग मजुरीविना मिळाल्या असतील, आता मजुरी लागते म्हणून बिल मोठं वाटतंय. पुस्तिका घेऊन जा आणि तक्त्यात नसलेलं एकेक काम नम्रपणे खोडायला लाव. मी अ‍ॅडव्हायझर असताना पुस्तिका हातात घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला फ्लशिंग विकायचा प्रयत्नही आम्ही करत नसू.

तरीही न सांगता केलेल्या कामाचं बिल लावलं, तर आधी वर्क्स मॅनेजरला लेखी दे. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मराठीतही तक्रार नोंदवता येते.

प्रश्न: सीएनजी गाडीच्या सिलिंडरची टेस्ट पॅकेजमध्ये धरतात का?
एक वाचक, पंचवटी

उत्तर: सहसा नाही, आणि धरली तरी ते सिलिंडर काढून मान्यताप्राप्त केंद्रावरच पाठवतात. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची मजबुती तपासणं) दर तीन वर्षांनी लागते, किट कंपनीने बसवलेलं असलं तरी. सिलिंडर परत आल्यावर त्यावर ठोकलेला नंबर आणि प्रमाणपत्रावरचा नंबर स्वतः वाकून जुळवून बघा. नंबर जुळत नसेल तर गाडी ताब्यात घेऊ नका.