म्हाळ घालायचा तो महालात नव्हे

प्रश्न असा आहे : "आम्ही सगळे मुंबई-पुण्यात. तळकोकणातलं घर आता बंद असतं, पण गणपतीनंतर भावकीतले आठ-दहा जण म्हाळ घालायला तिथेच जातो. चुलतभाऊ म्हणतो, मोठ्या घरी जाऊन घालायचा म्हणून तो 'म्हाळ', म्हणजे मुळात 'महाल'. हे खरं का? आणि 'वाडी दाखवणे' यातली वाडी म्हणजे आमची गावातली वाडीच का? शिवाय गटावर निरोप टाकताना 'म्हाळ' लिहावं की 'महालय श्राद्ध'?"

म्हाळ म्हणजे भाद्रपदाच्या वद्य पंधरवड्यात पितरांसाठी घालायचं श्राद्ध. चुलतभावांची व्युत्पत्ती ऐकायला झकास आहे, पण टिकणारी नाही. 'महाल' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. उतरणे, मुक्काम करणे या अर्थाच्या अरबी धातूपासून तो बनला आहे आणि 'मोहल्ला' त्याचाच भाऊबंद. मराठीत तो राजवाड्यापुरता राहिला नाही. मुलखाच्या एका भागालाही महाल म्हणत. महालकरी हा हुद्दा आणि गुजरातेतलं पंचमहाल हे नाव त्यातूनच आलं. यात पितरांचा कुठे संबंध नाही.

'म्हाळ' आला तो संस्कृत 'महालय' यावरून. दोन स्वरांमधल्या एकेरी 'ल'चा मराठीत 'ळ' होतो : फल-फळ, काल-काळ, कमल-कमळ. सुरुवातीच्या 'मह'चा 'म्ह' होणंही नेहमीचंच, जसं महिषीची म्हैस झाली. (महार्घचं 'महाग' मात्र लिहिताना तसंच राहिलं, बोलताना 'म्हाग' म्हणणारे भरपूर.) शेवटचा 'य' गळाला. हिंदीत श्वशुरालयाचं ससुराल होताना तो असाच गेला. 'महाल' मराठीत आला तोवर ही 'ळ'ची घडामोड आटोपली होती, म्हणून तो 'ल' घेऊनच राहिला. महालाला 'महाळ' म्हणणारं कोणी मला तरी भेटलेलं नाही.

आता गंमत अशी, की घर या शब्दात आहेच. आलय म्हणजे घर. पण कुठलं? 'मह' म्हणजे उत्सव, त्याचं आलय म्हणजे स्थान, तो पितरांच्या उत्सवाचा काळ, अशी फोड जुन्या ग्रंथांत सापडते. 'महा' अधिक 'आलय', म्हणजे थोर निवासस्थान, अशीही फोड करतात. दोन्हींत तुमच्या पडवीचा संबंध नाही. बंगालीत हाच शब्द 'महालया' होऊन फक्त अमावास्येच्या दिवसाला चिकटला आणि तिथे त्या दिवशी चाहूल लागते ती दुर्गापूजेची.

मग मूळ घरीच का जायचं? शब्दात उत्तर नाही, रिवाजात आहे. दुसऱ्याच्या जागेत श्राद्ध केलं तर त्या जागेच्या मालकाचे पितर त्यात विघ्न आणतात, असं धर्मशास्त्रकार सांगतात. अरण्य, पर्वत, तीर्थ, देवालय यांना मालक नसतो म्हणून ती सवलतीत. गिरणगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला हा श्लोक ठाऊक असेल असं मी म्हणणार नाही. पण 'आपल्या' जागेत पान वाढायचं, ही समजूत श्लोकाशिवायही पक्की असते. म्हणून वर्षभर कुलूप असलेलं घर भाद्रपदात उघडतं. पावसाने फुगलेला दरवाजा खांद्याने लोटावा लागतो, माजघरातली बुरशी पुसावी लागते, आणि मग चुलीवर काळ्या वाटाण्याचं सांबार चढतं.

महालयाचं दुसरं वैशिष्ट्य तुमच्या भावकीच्या जमण्याला चांगलं लागू पडतं. एरवीच्या श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशी ठरलेली ओळ असते. महालयात यादी लांबते : काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू, अगदी मित्रसुद्धा. मूलबाळ नसलेल्या आत्याचं नाव वर्षात एकदा निघतं ते इथे. खरं म्हणजे पंधरवडाभर रोज श्राद्ध करायचं. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी एकदाच करण्याची सोय, तिला 'सकृन्महालय' म्हणतात. सकृत् म्हणजे एकदा. आज बहुतेक घरांतला म्हाळ हाच.

'घालणे' या क्रियापदाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ते सोडवत नाही. श्राद्ध पोथीत 'करतात', घरात 'घालतात'. गावजेवण घालतात, गोंधळ घालतात, सत्यनारायणसुद्धा घालतात. माणसं बोलावून, त्यांना जेवू घालून जे पार पाडायचं, त्याला मराठी माणूस हे क्रियापद सहज लावतो. 'म्हाळ केला' चुकीचं नाही, पण ते भटजींच्या तोंडी जास्त शोभतं.

वाडीबद्दल. वस्तीची 'वाडी' संस्कृत वाटिकेपासून : कुंपण घातलेली जागा, बाग, मग वस्ती. पितरांची 'वाडी' म्हणजे केळीच्या पानावर सगळे पदार्थ थोडे थोडे वाढून कौलांवर किंवा अंगणात कावळ्यासाठी ठेवतात ते. ही मला 'वाढणे'चीच लेक वाटते. किनाऱ्यावरच्या बोलींत महाप्राण, म्हणजे 'ढ'मधला 'ह'कार, सहज गळतो आणि 'ढ'चा 'ड' होतो. कोकणीत जेवण वाढण्याला 'वाडप'च म्हणतात. त्या न्यायाने वाढलेली ती वाडी. ती 'दाखवतात' हेही जुळतं, नैवेद्यही आपण दाखवतोच. वाटिका कोणी दाखवत नाही, निदान कावळ्याला तरी नाही.

बाकी प्रांतांत शब्द बदलतात. पुण्याकडे "आज आमच्याकडे पक्ष आहे" एवढं म्हटलं की भागतं, ऐकणारा राजकीय पक्ष समजत नाही. घाटावर अनेक ठिकाणी पितरांच्या नावाने जेवायला बोलावलेल्या माणसालाच 'पितर' म्हणतात, आणि तोही खुशाल "मी त्यांच्याकडे पितर आहे" असं सांगतो. खानदेशात वाडवडिलांसाठी घागर भरायचा मोठा दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. 'पक्षपंधरवडा' हा शब्द तेवढा मला खटकतो : पक्ष म्हणजेच पंधरवडा, मग तो दोनदा कशाला? पण रूढ झालाय, माझ्या खटकण्याने जाणार नाही.

निरोपात 'म्हाळ'च लिहा. शब्द पुल्लिंगी, 'तो म्हाळ', 'म्हाळाला या'. 'महालय श्राद्ध' पंचांगात बरं दिसतं. भावकीच्या गटावर ते कचेरीतल्या परिपत्रकासारखं वाटेल. आणि गणपतीला येऊन गेल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा रजा मिळत नसेल, तर सूर्य वृश्चिकेत जाईपर्यंत, म्हणजे साधारण 16 नोव्हेंबरपर्यंत, महालय करायला शास्त्राची मुभा आहे. दिवाळीच्या सुट्टीत घातलात, तरी निरोपात शब्द म्हाळच राहील.